भात आल्यावर

अंतराळात आवाज नसतो, हे मला तलासरीच्या हायवेवरच्या हॉटेलात एका अनोळखी माणसाने ऐकवलं. तेही मी आधीच पेटलेली असताना.

मी फोनवर भाविकशी भांडत होते. भाविक म्हणजे माझ्या पिक्चरचा निर्माता, एडिटर आणि बालवाडीपासूनचा मित्र. आमच्या झाई गावात त्याच्या आणि माझ्या घराच्या मध्ये फक्त बोंबील वाळत घालायची वलांडी आहे. आता तो अंधेरीत राहतो आणि मला तिथून ओरडतो.

"नाही भाविक, हाही नको. होडी ढगात शिरली की याने लगेच व्हायोलिनं सुरू केली. अरे, आकाशात चाललाय तो, वरातीत नाही."

"रुपल, तू म्युझिक डायरेक्टर शोधतेयस की स्थळं बघतेयस? किती जणांना नकार देणार?"

मी फोन ठेवला. बाहेर पाऊस हायवेवर आडवा झोडपत होता आणि झाईची बस यायचं नाव नव्हतं. शेजारच्या टेबलावर हेल्मेट निथळत होतं. त्याच्यामागे बसलेला माणूस गाठियाची मिरची बाजूला काढत म्हणाला, "तसा अंतराळात आवाज नसतोच."

"माहितीये," मी म्हटलं. "माझीपण शाळा झालीये."

"मग बरं. म्हणजे व्हायोलिनं नकोत, आणि नुसती शांतताही चालणार नाही. तुम्हाला नक्की ऐकू काय येतं?"

आता काय सांगू... इतक्या संगीतकारांना भेटले, सगळ्यांनी विचारलं, कुठल्या पिक्चरसारखं हवंय. मला काय ऐकू येतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याला सगळी गोष्ट सांगून टाकली. झाईसारखंच एक गाव. पुढच्या काळात तिथले खलाशी होड्या घेऊन ताऱ्यांकडे जातात. एक जण जातो, त्याचा तिथे एकच हंगाम होतो. पण इकडे काळ वेगळा धावतो आणि त्याची बायको म्हातारी होते. शेवटी तो परत येतो, तसाच तरुण. ती किनाऱ्यावर उभी असते. पिक्चर तिथे संपतो.

त्याने मिरची तशीच धरून ठेवली होती. "जाणाऱ्याला कशाला गाणं हवंय," तो म्हणाला. "गाणं मागे राहिलेलीचं हवं."

माझा चहा पार गार झाला आणि मला कळलंही नाही.

त्याचं नाव उमेश. तलासरीच्या पूर्वेला डोंगरातल्या वारली पाड्यातला. मुंबईत शिकून आलेला, कोसबाडला मुलांना गाणं शिकवायचा आणि उरलेल्या वेळात जाहिरातींना संगीत द्यायचा. "शॅम्पूला वाजवतो, बिस्किटाला वाजवतो. अंतराळालाही वाजवून बघतो," तो म्हणाला.

"माझी आई मासे विकते. घेताना प्रत्येक मासा कल्ला उघडून बघते. मी माणसंही तशीच बघते, आधीच सांगून ठेवते."

"बघा की," तो हसला. "ताजा निघालो तर घ्या."

बस आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि काच पुसली. उगाच.

* * *

पुढचे दिवस मी कोसबाडच्या चकरा मारण्यात घालवले. त्याच्या खोलीवर पत्रे होते, त्यामुळे पाऊस थांबला की काम आणि पाऊस आला की गप्पा. मी झाईहून आवाज भरून न्यायचे. दोर ताणल्यावर करकरतो तो, बर्फ फोडतात तो, गार पडलेलं इंजिन पहिल्यांदा खोकतं तो. त्याने त्या इंजिनातून असं यान उभं केलं की भाविकने फोनवर ते परत परत लावायला सांगितलं, आणि हा मुलगा सहजी खूश होत नाही.

हेडफोन एकच होता. एक कान त्याचा, एक माझा. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा वास यायचा, आणि मी मान न वळवता समोरच्या पडद्याकडे बघत राहायचे...

"तू श्वास रोखून का ऐकतेस?" त्याने एकदा विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणास ठाऊक.

"सवय आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि हेडफोन काढला नाही.

सगळा पिक्चर भरत आला. फक्त शेवटचा प्रसंग, ती म्हातारी किनाऱ्यावर उभी असते तो, त्याने कोराच ठेवला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "इथे तारपा."

तारपा मी लांबून ऐकला होता. वाळक्या दुधीचं, बांबूचं आणि ताडाच्या पानाचं ते लांबलचक वाद्य. वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत फुंकत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, आणि तो थांबला तर सगळेच थांबतात.

"मी वाजवेन," उमेश म्हणाला. "काकाकडून शिकलोय. तिचा श्वास आहे तो. इतकी वर्षं तिने तुटू दिला नाही."

माझ्या अंगावर काटा आला. "मग वाजव ना. आत्ता."

"आत्ता नाही. भात आल्यावर."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यांच्या पाड्यात भात शेतात उभं असताना तारपा वाजवत नाहीत. नवं भात घरात येतं, देवाला दाखवतात, सगळे नवं खातात, मग आढ्याला टांगलेला तारपा खाली काढायचा.

"एकदाच, दार लावून. कुणाला कळणारे?"

"मला कळेल," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणाने. "थांबशील ना?"

तो पिक्चरबद्दल विचारत होता. मी मात्र दुसऱ्याच प्रश्नाला मान डोलावली.

* * *

नारळी पौर्णिमा झाली आणि बाबा वेरावळच्या बोटीवर निघाले. दरवर्षी जातात. आमच्याकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. टेम्पो वळणावर दिसेनासा व्हायच्या आत आई घरात आली आणि भांडी घासायला बसली. माझा पिक्चर जन्माला आला तो याच भांड्यांच्या आवाजातून, पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

आणि नेमका तेव्हा भाविकचा फोन आला. परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाने आमचं अर्धं काम बघून पूर्ण पिक्चर मागवला होता. पाठवायची शेवटची तारीख नवरात्राच्या आधीची. आणि भात तर अजून हिरवंगार.

"अंधेरीत दक्षा म्हणून एक संगीतकार आहे," भाविक म्हणाला. "शेवटचा प्रसंग ती करून देईल. तारपा हवाय ना? कॉम्प्युटरवर हुबेहूब तारपा काढेल. रुपल, अशी संधी दारात पुन्हा येत नाही, हट्ट करू नकोस."

दक्षाने चार दिवसांत पाठवलं. वाईट असतं तर किती बरं झालं असतं. ते सुंदर होतं.

मी ते घेऊन कोसबाडला गेले. टेकडीवर उभं राहून उमेशने शेवटपर्यंत ऐकलं. खाली चिकूच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची राखाडी रेघ. मला वाटत होतं, हा आता भांडेल. म्हणेल, नको पाठवू, थांब म्हणालो होतो ना. मी भांडायची तयारी करूनच आले होते. हरायचीसुद्धा.

"छान झालंय," तो म्हणाला. "चालेल. वापर."

"बस? एवढंच?"

"तुझा पिक्चर आहे, रुपल. माझ्यासाठी अडवून धरू नकोस." त्याने हेल्मेट घातलं, म्हणजे चेहरा दिसायचा प्रश्नच मिटला. मग त्याची पाठ उतारावरून लहान लहान होत गेली, आणि मी मूर्खासारखी हेडफोन गुंडाळत उभी राहिले.

* * *

शेवटच्या तारखेला मी घरात लॅपटॉप उघडून बसले. पाठवण्याआधी एकदा बघावं म्हणून लावलं. आई मागे येऊन उभी राहिली. दक्षाचं संगीत चढत गेलं, पडद्यावरची म्हातारी उभी होती, आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

"काय गो झालं?"

"काय नाय. गाणंच रडवतंय," ती म्हणाली आणि मासळीची टोपली बघायला गेली.

मी तशीच बसून राहिले. माझ्या आईने इतके हंगाम वाट पाहिली, पण वाट बघताना ती रडलेली मी एकदाही पाहिली नव्हती. ती भांडी घासते, बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते, आणि आत कुठेतरी एक श्वास तुटू न देता धरून ठेवते. दक्षाचं सुंदर गाणं माझ्या पडद्यावरच्या म्हातारीच्या वाट्याचं रडून टाकत होतं. मग तिला उभं राहायला उरलं काय?

मी भाविकला फोन केला. "पाठवत नाही."

तो खूप बोलला. त्यातलं बरंचसं खरं होतं. शेवटी म्हणाला, "एकच सांग. पिक्चरसाठी थांबतेयस की त्याच्यासाठी?"

"दोन्ही."

"हे आधी सांगितलं असतंस तर मी एवढा घसा कशाला फोडला असता," तो म्हणाला आणि फोन आपटला. दक्षाने मात्र मला उलट फोन करून सांगितलं की तो तारपा तिलाही ऐकायचाय.

उमेशला मी काही कळवलं नाही. काय कळवणार? त्याने मला थांबू नको म्हटलं होतं. फोन हातात घ्यायचे, त्याचं नाव काढायचे, आणि ठेवून द्यायचे. त्याचाही आला नाही.

त्याऐवजी मी भात बघायला लागले. कोळणीची पोर मी, तांदूळ फक्त ताटात ओळखायची. आता तलासरीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर माझं डोकं फिरायचं. हिरवं किती राहिलं, पिवळं कुठे पडलं, लोंबी वाकली का... जीव नुसता खालीवर. शेजारी बसेल त्याला विचारायचे, "यंदा भात कधी कापतील हो?" एक आजोबा म्हणाले, "पोरी, एवढी घाई आमच्या बैलालापण नाय."

तलासरीच्या बाजारात जिवली काकी भाजी घेऊन बसायची. उमेशची काकी. तिच्याकडून मी गरज नसताना किती वांगी घेतली असतील. दिवाळी मागे पडली, आणि एका सकाळी तिने माझ्या पिशवीत वांगी टाकता टाकता माझ्याकडे न बघताच सांगितलं, "आज आमच्यात नवं खातात. सांजचे ये."

* * *

मी पोचले तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. अंगणात पेंढ्याचा वास होता. मधोमध उमेश, हातात तारपा, गाल फुगलेले. भोवती पोरीबाया एकमेकींच्या कमरेला हात घालून फिरत होत्या. त्याने मला पाहिलं. सूर जरासा थरथरला, पण तुटला नाही.

मी रेकॉर्डर त्याच्याजवळच्या उखळावर ठेवला आणि मागे सरणार, तोच जिवली काकीने माझा हात ओढून रांगेत घेतलं. "एकच ध्यानात ठेव," ती म्हणाली. "तारप्याकडे पाठ करायची नाय."

म्हणजे पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघायचं. मला चालणार होतं. पाय अडखळत होते, पण एक फेरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा माणूस आत्ता बोलूच शकत नाही. बोलला तर सूर तुटेल आणि सगळा नाच थांबेल. एवढी चांगली वेळ मला पुन्हा कधी मिळणार?

समोरून जाताना मी म्हटलं, "पिक्चर पाठवला नाही."

त्याच्या भुवया वर गेल्या. गाल फुगलेलेच.

पुढच्या फेरीला म्हटलं, "का ते विचार ना."

कसा विचारणार बिचारा. बाजूच्या पोरी खुसखुसायला लागल्या. मला घाम फुटला होता, पण आता मागे कशी फिरणार? पाठ करायची नव्हती.

"भात आलं नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

त्याचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. तो माझ्या बाजूने वळत राहिला, सूर लांबत राहिला, आणि ती फेरी मला फार मोठी वाटली. पुन्हा समोर आले तेव्हा पाऊल चुकलं. तरी बोलले. "आणि भाताचं निम्मंच खरं आहे. मी तुझी वाट बघत होते, उमेश. रोज. तू थांबू नको म्हणालास तरी."

तारपा तुटला. भर सुरात, मध्येच. रांग एकमेकींवर आदळली, कुत्री भुंकली, आणि कोपऱ्यातून त्याला तारपा शिकवणारे काकड्या काका ओरडले, "काय रे, दम संपला काय तुझा?"

उमेशने तारपा छातीशी धरला होता. ओठ पुसले, धाप लागलेली होती, आणि तो जे काही बोलला ते माझ्याकडे बघत बोलला.

पिक्चर दुसऱ्या वर्षी लागला. शेवटच्या प्रसंगात ती म्हातारी उभी असते, सूर लांबत जातो, तरुण खलाशी वाळूवर पाय ठेवतो, आणि तिथे तो सूर तुटतो. त्या संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमधले माझे शब्द पुसून झाल्यावर भाविक म्हणाला होता, एवढं सांधून घेऊ. दक्षा म्हणाली, हात लावलास तर बघ. लोकांना वाटतं, आम्ही मुद्दाम तसं बसवलंय.

सूर तुटल्यानंतरचं उमेशचं बोलणंही त्या रेकॉर्डरवर आलंय. तेवढं मी कापून घेतलं. ते पिक्चरचं नाही, माझं आहे.