अभ्यास संपल्यावर

“ओ मॅडम, घर मोजताय का आमचं?”

मनस्वी दचकली. शिरवणे गावातल्या त्या अरुंद बोळात ती वर मान करून उभी होती, तीन मजल्यांवर किती कुटुंबं राहत असतील याचा अंदाज घेत. हातात पॅड, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. आणि समोर बाइकवर बसलेला एक सावळा तरुण, भुवया आक्रसून.

“नाही हो… मी माणसं मोजतेय.”

“ते तर अजून डेंजर!”

गावाची शेतं शहर वसवण्यात गेली, तेव्हापासून कुणी कागद घेऊन घराकडे बघू लागलं की शिरवणं सावध होतं. हे मनस्वीला कुणी सांगितलं नव्हतं. ती खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, नेरूळच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी मुलगी. इथली कुटुंबं कशी राहतात, पाहुण्याला कसं वागवतात, यावर आपला प्रकल्प आहे आणि कुणाचं घर पाडायला आपण आलेलो नाही, हे तिनं एका दमात सांगून टाकलं.

“समाजशास्त्र म्हणजे काय असतं?”

“माणसं जशी वागतात तशी का वागतात, त्याचा अभ्यास. आता तुम्ही माझ्यावर ओरडलात. तो तुमचा स्वभाव, की गावाला असलेली सर्वेची भीती?”

त्यानं हेल्मेट काढलं. क्षणभर विचार केला आणि हसला. खरं तर तो हसला ना, तिथंच त्या अभ्यासाचे बारा वाजले. पण हे मनस्वीच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

“दोन्ही,” तो म्हणाला. “चला आत. आई बोलेल तुमच्याशी. मी मितेश.”

वर्गात मॅडमनी बजावलं होतं : याला सहभागी निरीक्षण म्हणतात. लोकांमध्ये बसा, त्यांच्याबरोबर जेवा, हसा. पण आपण बाहेरचे आहोत हे विसरू नका. ऐकायला किती सोपं! मितेशची आई, दमयंतीकाकू, हातात ताट देऊन म्हणायची, “जेवल्याशिवाय जावाचा नाय हा, पोरी,” आणि पापलेटचा मधला तुकडा तिच्याच ताटात पडायचा. मितेश सुट्टीच्या दिवशी तिला घरोघरी न्यायचा, ऊन लागलं की मुकाट्यानं तिला सावलीच्या बाजूला घ्यायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“आज काय शिकलीस?” मितेशनं एकदा विचारलं.

“भूमिका. एकच माणूस घरी मुलगा असतो, ऑफिसात क्लार्क, नाक्यावर दोस्त. जिथं जातो तिथल्यासारखा वागतो.”

“आणि तुझ्यासमोर असतो तेव्हा?”

“तेव्हा… माहितीदार.”

“बस? प्रमोशन वगैरे काय हाय का नाय?”

मनस्वीनं पॅडमध्ये डोकं खुपसलं. तिच्या प्रश्नांमध्ये शेवटचा प्रश्न होता : मुलानं जातीबाहेर लग्न केलं तर घर स्वीकारेल का? तो तिनं सगळ्या गावाला विचारला. दमयंतीकाकू म्हणाली होती, “लोकांच्या घरान व्हतंय. आमच्या घरान अजून नाय झाला.” मितेशला मात्र तिनं विचारला नाही. धीरच झाला नाही.

मितेशच्या चुलतबहिणीची, नमिताची हळद आली. मांडवात गोजराआजी, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, खड्या आवाजात गात होती. मनस्वी खांबाला टेकून सगळं टिपून घेत होती… निदान तसं दाखवत होती. पिवळे हात घेऊन मितेश समोर आला. त्याचा हात तिच्या गालाच्या अगदी जवळ येऊन थांबला.

“लावू? का नियमात बसत नाय?”

“नाही बसत,” ती म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला. खारघरला पोचेपर्यंत तिचा तो कोरडा गाल जळत होता. ‘हो’ म्हणायला काय झालं होतं मेलीला!

मग प्रकल्प सादर करायचा दिवस उजाडला. मितेश न बोलावता आला, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसला. आणि मनस्वी स्पष्ट आवाजात वाचत गेली : पाहुणचार ही या गावात घराची प्रतिष्ठा राखण्याची रीत आहे. बाहेरची मुलगी आली की घरातला तरुण तिला फिरवतो, जपतो, सावलीत उभी करतो. त्याला वैयक्तिक अर्थ नसतो.

टाळ्या पडल्या. मॅडम खूश झाल्या. गेटपाशी मितेश बाइकला किल्ली लावत होता.

“छान बोललीस.”

“मितेश, ते फक्त…”

“सावलीत तुला गावानं उभी केली का? मग मी कोन होतो?”

तो गेला. आणि मनस्वीला पहिल्यांदाच कळलं, की अभ्यास संपला म्हणजे शिरवण्याला जायचं कारणही संपलं. कुणाच्या घरी जायला माणूस कुणीतरी लागतो… भाची, मैत्रीण, भाडेकरू, निदान सर्वेवाली. ती आता यातली कुणीच नव्हती. कॉलेज सुटलं की पाय आपोआप गावाकडे वळत, आणि कोपऱ्यावरून परत फिरत. मेसेज लिहायची, पुसायची. त्याच्या हसण्याची इतकी आठवण यायची की समोरचं जेवण निवून जायचं.

अखेर एका रविवारी ती रिकाम्या हातांनी निघालीच. दमयंतीकाकू ओट्यावर कोलंबी सोलत होती.

“अगो! परत सर्वे?”

“नाही काकू. तो संपला.”

“मंग काय काम काढलास?”

आवाज ऐकून मितेश बाहेर आला, ओल्या केसांनी. त्याला बघितलं आणि ती मनाशी जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेली.

“कॉलेजात वाचलेलं ते शेवटचं वाक्य खोटं होतं,” ती त्याच्या आईच्या देखत म्हणाली. “मला भीती वाटत होती. वाटलं, तू सगळ्यांशीच असा वागत असशील, आणि मी एकटीच वेड्यासारखी… मला तू आवडतोस, मितेश. खूप आवडतोस. मला इथं काहीही कारण नसताना यायचंय.”

मितेश तिच्यासमोर आला.

“सगळ्यांसाठी मी कॉलेजात जाऊन लेक्चर ऐकत बसलो असतो काय, येडे?”

दमयंतीकाकूचे हात थांबले होते. तिनं लेकाकडे पाहिलं, मग मनस्वीकडे.

“मी आज हो बोलनार नाय,” ती म्हणाली. “माना घरातल्यांना इचारावा लागल, भावकीला तोंड द्यावा लागल. पन नायबी बोलत नाय. पुढच्या टायमाला एकटी येव नको. आईला घेऊन ये.”

आईला आणायला सांगणं म्हणजे लग्नाच्या बोलण्यांना दार उघडणं, हे मितेशला बरोबर कळलं. त्याचा चेहरा उजळला. मनस्वी मात्र ओट्याच्या कडेला टेकली.

“काय झालं? काय म्हनेल तुझी आई?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही,” ती पुटपुटली. “जातीबाहेरच्या लग्नाचं अख्ख्या गावाला विचारलं मी… आमच्या घरी कधी विचारलंच नाही.”

ताईसाठी स्थळं बघताना बाबा पहिलं काय विचारायचे, ते तिला आत्ता आठवत होतं. आपलं तर सुशिक्षित घर, तिथं कसला अभ्यास करायचा, असंच ती आजवर समजत आली होती.

“मग मी येऊ तुझ्यासोबत?”

“आज नको.” तिनं त्याचा हात धरला, भर ओट्यावर, बोळातून माणसं जात असताना. “तू येशील तेव्हा पाहुणा असशील. आणि आमच्याकडे पाहुण्याला कसं वागवतात, ते मला आधी बघू दे.”

तो तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. हात सुटता सुटत नव्हता. रिक्षा हलल्यावर मनस्वीनं फोन लावला.

“आई, मी घरी येतेय. बाबांना कुठं जाऊ देऊ नकोस. मला तुम्हाला दोघांना एक विचारायचंय.”