रानवेलीच्या मुळीतली गोळी

"मुळीच्या अर्कात बाजारातली वेदनाशामक गोळी मिसळलेली सापडलीय," असा फोन आला आणि तपास अधिकारी बाई त्या बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत पोचल्या. दार कार्डानेच उघडायचं. संशोधक मुलीचं कार्ड सकाळीच काढून घेतलं होतं. पाणी प्यायला जायचं तरी तिला विचारावं लागत होतं.

एका रानवेलीच्या मुळीत दुखणं थांबवणारं नवं द्रव्य सापडलं, असं तिच्या सरांनी जगाला सांगून टाकलं होतं. बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासलं, तर हे नवं द्रव्य कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत होतं.

"अर्क कुलपात असतात. किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडेच," मुलगी म्हणाली.

"अर्क कसा करता?"

"मुळीची पूड या कॅनमधल्या अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची. भेसळ मी केली नाही, बाई. पण दाखवू कशावरून? किल्ली माझ्याच गळ्यात आहे."

तिची पदवी जाणार होतीच, वर पोलीस केस.

समोर बसलेले सर मात्र शांत होते. "लेकीसारखी सांभाळली हिला. अल्कोहोलवर संशय नको. दर तपासणीआधी मी स्वतः नुसतं अल्कोहोल यंत्रातून सोडतो; त्यात काही मिसळलेलं असेल तर पडद्यावरची रेघ वर चढते. बघा." त्यांनी कपाटातून नवी बाटली काढली, सील फोडलं, सुईत थेंबभर ओढलं. पडद्यावर रेघ सरळ गेली.

"कॅन तर अर्धा भरलेला आहे, मग नवी बाटली कशाला?" बाई म्हणाल्या.

"सवय," सर म्हणाले.

बाई मुलीकडे वळल्या. "कॅनमधलं सोडा. मुळी नको, नुसतं."

"मला मीटिंग आहे," सर उठले.

"दार बंद ठेवायला सांगितलंय मी. बसा."

रेघ थोडी सरळ गेली आणि उंच चढली, अगदी गोळीचा उंचवटा येतो त्याच जागी.

"मुळी नसताना गोळी आली," बाई म्हणाल्या. "म्हणजे कुलपातल्या अर्काला कोणी हातच लावला नाही. गोळी उघड्यावरच्या कॅनमध्ये विरघळवली. हिने बिचारीने त्यातच अर्क केले आणि कुलूप लावून भेसळ जपली. कॅन कोणीही बिघडवला असता. पण तो बिघडलाय हे एकालाच माहीत होतं, म्हणून तपासणीला दर वेळी नवी बाटली फुटायची. कॅनमधलं वापरलं असतं तर पहिल्याच दिवशी तुमचं बिंग फुटलं असतं, सर."

सर खुर्चीत परत टेकले. "मुळी पाण्यात उकळून पाहिली, काहीच निघालं नाही. आणि मी तर सांगून बसलो होतो. माघार घ्यायला तोंड नव्हतं."

मुलीने चिमूटभर पूड सरांनीच फोडलेल्या बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली आणि यंत्रात सोडली. गोळीचा उंचवटा गेला होता. त्या जागेला खेटून एक बुटका उंचवटा उभा होता, इतके दिवस गोळीच्या उंचवट्याआड झाकलेला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. पण हे मुळीचंच आहे," मुलगी म्हणाली. तिला रडू आलं, आणि रागही. "शुद्ध अल्कोहोलमध्ये एकदा भिजवून पाहायला हवी होती, सर."

सर पडद्याकडे निघाले. बाईंनी हात आडवा धरला आणि मुलीचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा. आणि तुमचं कार्ड द्या."