काकडीचा घोडा, वांग्याची गाय

तेरा ऑगस्टच्या सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मिनेकोकाकूंच्या दुकानातली शेवटची वाकडी काकडी दोघांनी एकाच वेळी उचलली.

एक टोक तोमोएच्या हातात. दुसरं, ओली छत्री बगलेत धरलेल्या एका उंच तरुणाच्या.

"सोडा."

"तुम्हीच सोडा. शेजारी इतक्या सरळ काकड्या पडल्यात, त्या घ्या की."

"सरळ काकडीच्या घोड्याला मान कुठून आणू?"

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, पहिल्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात ती काकडीच्या घोड्यावरून — भरधाव, ओढीनं. सोळाला परततात वांग्याच्या गाईवरून — रेंगाळत, मागे वळून बघत. तोमोएच्या आईचा हा पहिलाच ओबोन. जानेवारीत "आलेच हं" म्हणून ती दवाखान्यात गेली, ती परतली नाही. निरोप असा झालाच नाही. म्हणून यंदा तोमोएला घोडा चपळ हवा होता, आणि गाय अगदी आळशी.

तरुणानं टोक सोडलं. "घ्या. माझे आजोबा तसेही पायीच यायचे."

"हा हिसाशी," मिनेकोकाकू काकडी कागदात गुंडाळत म्हणाल्या. "ओसाकाचा. वरच्या आळीतलं आजोबांचं घर उघडायला आजीनं धाडलाय. ह्याला यातलं ओ की ठो कळत नाही. तोमोए, जरा बघ गं त्याच्याकडे."

"बघते," तोमोए म्हणाली... आणि आपण काय बोललो ते कळून तिचे कान लाल झाले.

संध्याकाळी ती बघायला गेली. आजोबांच्या फोटोपुढे वांग्याची गाय घराकडे तोंड करून उभी होती. सरळसोट काकडीचा घोडा दाराकडे.

"हे काय? आजोबांना गाईवरून आणणार आणि घोड्यावरून पिटाळणार?"

"चुकलं?"

"वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!"

"आम्ही ओसाकात ही भाजी खातो. तिच्यावर कुणाला बसवत नाही."

तोमोए हसली. आईच्या पहिल्या ओबोनात शोभणार नाही इतक्या मोठ्यानं. मग येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून दोघांनी उंबऱ्याबाहेर भूर्जाची साल पेटवली. धूर वाऱ्यानं आत वळला तेव्हा हिसाशी हळूच म्हणाला, "आले वाटतं." त्या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

पुढचे दोन दिवस भुरभुर पाऊस होता. देवळापुढच्या नाचात हिसाशीनं तिच्या पायावर तीनदा पाय दिला. तिसऱ्यांदा मुद्दाम, असं तिचं मत. "अहो"चं "अरे" कधी झालं, दोघांनाही आठवत नाही.

सोळाला दुपारी ते स्टेशनवर होते.

"चार चाळीसची एक्स्प्रेस आहे," तो म्हणाला.

"माहितेय."

"काही म्हणायचंय?"

"नाही." मग — "थांब म्हणायची आमच्यात रीत नाही. आलेल्यानं जायचंच असतं. फक्त..."

तिनं पिशवीतून एक वांगं काढलं. तागाच्या काड्यांचे चार पाय, मक्याच्या केसांची शेपटी.

"फक्त घोड्यावरून जाऊ नकोस."

एक्स्प्रेस आली. दारं उघडली, मिटली. हिसाशी गाय हातात धरून फलाटावरच उभा.

"तुझी गाडी गेली."

"ती घोडा होती," तो म्हणाला. आणि पाच पाचच्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या लोकलमध्ये बसला.

तोमोए घरी पोचली तेव्हा बाबांनी दारात आईच्या निरोपासाठी भूर्जाची साल रचून ठेवली होती. फोन वाजला.

'दुसरं स्टेशन. गाय खिडकीतून मागे बघतेय.'

पाच अठ्ठेचाळीसला पुन्हा — 'चौथं स्टेशन. समोरच्या फलाटावर तुझ्या गावाची गाडी उभी आहे. गाय हट्टाला पेटलीय.'

'मग ऐक की तिचं,' तोमोएनं लिहिलं. अंगठा जरा थांबला... 'आणि माझंही.'

"पेटवायची ना?" बाबांनी विचारलं. "आईला उशीर होईल."

"गाईवरून जायचंय तिला, बाबा. अर्ध्या तासानं काय बिघडतंय?"

बाबांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि काड्यापेटी खिशात टाकली.

चौथ्या स्टेशनावरून इकडची गाडी पाच बावन्नला सुटली. ती सहा सत्तावीसला इथे येते. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत हिसाशीचं उत्तर आलं नव्हतं, आणि साल पेटवलेली नव्हती.