ठकीच्या गाडीचा स्टार्टर

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. सत्तरी उलटली, अर्धे दात गेले, आणि भुताखेतांच्या गोष्टींवर मी आयुष्यभर हसत आलो. जे स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहितो. पटलं तर घ्या. नाही पटलं तर सोडून द्या, पण मला शिकवायला येऊ नका. मी आधीच फार चिडलेला माणूस आहे.

जागा म्हणजे माझं गॅरेज. वर पत्रा, आत दोन गाड्या मावतील एवढंच. शेजारी भिंतीला भिंत लावून डेंटिंगवाल्याचा गाळा. वेळ दिवेलागणीची. थंडी नुकती पडायला लागली होती.

गाडी माझ्या धाकट्या बहिणीची.

तिला आम्ही ठकी म्हणायचो. अंगानं बाहुलीएवढी, जिभेनं तलवार. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिनंच याच गॅरेजच्या फरशीवर खडूनं मला अक्षरं गिरवायला लावली, तेव्हा माझ्या मिशा पिकायला लागल्या होत्या. बदल्यात मी तिला गाडी शिकवली.

"किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं," मी सांगायचो. "कान मागे लावायचा. टाकीतला पंप गूं करतो. तो बोलला की मगच स्टार्टर मारायचा."

"आणि नाही बोलला तर?"

"तर इंजिनाला पेट्रोलच मिळणार नाही. मग स्टार्टर कितीही मार. बॅटरी मरेल आणि तुला घाम फुटेल."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," ती म्हणाली. "एक जण तोंड शिवून बसला की सगळा गाडा ठप्प."

ती गेली तीही त्याच गाडीत.

घरात एकटी होती. छातीत दुखायला लागलं. कुणाला हाक मारायची तिला सवयच नव्हती. उठली, किल्ली घेतली, दारातल्या गाडीत जाऊन बसली. दवाखाना लांब नव्हता.

गाडी चालू झालीच नाही.

शेजारणीनं मला नंतर सांगितलं, "नुसतं खर्र खर्र चाललं होतं हो भाऊ. किती वेळ. मग ते हळू हळू होत गेलं... आणि थांबलं. मला वाटलं, कंटाळून आत गेल्या असतील."

ती आत गेली नव्हती.

भेटायला आलेल्या माणसांसमोर तिचा नवरा, म्हणजे माझा मेव्हणा, डोळे पुसत म्हणाला, "गाडीनं दगा दिला. आणि गाडीचं काम तर दादांनीच केलं होतं."

बस्स. एवढंच. पण लोकांना तेवढं पुरतं. भाऊ आयुष्यभर गाड्या दुरुस्त करतो आणि बहिणीची गाडी ऐन वेळी बंद... दिव्याखाली अंधार! माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागे एकही गप्प बसला नाही.

मी ती गाडी तेव्हाच तपासली होती. बॅटरी उतरलेली होती, ती भरून लावली. किल्ली फिरवली. पंप बोलला. पहिल्या फटक्यात गाडी चालू. टर्मिनल, अर्थिंग, स्टार्टर, फ्यूज, सगळं पाहिलं. काहीही नाही. मग त्या दिवशीच काय झालं होतं? माझ्या हातून काही राहिलं होतं का? हा प्रश्न घेऊन मी झोपायचो आणि हाच प्रश्न घेऊन उठायचो.

पुढे गाडी मेव्हणा चालवायला लागला. आणि गाडी त्याला छळायला लागली.

भर रस्त्यात ताकद जायची. पाय दाबून धरला तरी गाडी पुढे सरकायची नाही. मग बंद. मग चालूच व्हायची नाही. ढकलत गॅरेजात नेली की तिथे पहिल्या फटक्यात चालू! त्यानं चार ठिकाणी दाखवली. कुणी प्लग बदलले, कुणी फिल्टर, कुणी नवी बॅटरी गळ्यात मारली. कॉम्प्युटर लावला तर तो म्हणे गाडी ठणठणीत.

शेवटी आला माझ्याकडे.

"दादा, तुम्हीच बघा आता. घरची गाडी आहे."

घरची! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण किल्ली घेतली. त्याच्यासाठी नाही. मला माझं उत्तर हवं होतं.

अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे लबाड पाहुणा. शोधायला गेलं की सापडत नाही. त्याची एकच रीत आहे. उगाच पार्ट बदलत सुटायचं नाही. गाडीजवळ बसायचं, आणि बिघाड स्वतःहून तोंड दाखवेपर्यंत उठायचं नाही.

मी बसलो. दिवसभर गाडी गुणी पोरीसारखी चालली. गावभर फिरवून आणली. वायरी हलवून पाहिल्या. इंजिन तापवलं, गार केलं. काही नाही.

संध्याकाळी बॉनेट उघडं ठेवलं, किल्ली खिशात टाकली आणि मागच्या नळावर हात धुवायला गेलो.

खर्र... खर्र... खर्र...

भिंतीपलीकडून डेंटिंगवाला ओरडला, "अहो मिस्त्री, स्टार्टर मारायला कुणाला बसवलंय? बॅटरी खाईल ना तो!"

मी ओल्या हातानं धावत आलो.

गाडीत कुणी नव्हतं.

किल्ली माझ्या खिशात होती.

आवाज थांबला. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. स्टार्टरला करंट सोडणारा रिले चिकटला असेल, दुसरं काय? रिले काढून पाहिला. चांगला होता. तरी नवा लावला.

दुसऱ्या संध्याकाळी मी बॅटरीच काढली. उचलून बाकावर ठेवली. म्हटलं, आता ओरड. बघू कशी ओरडतेस.

दिवे लागले.

डेंटिंगवाला मुद्दाम येऊन उभा राहिला होता. दोघं गाडीकडे बघत होतो. तो मला म्हणाला, "मिस्त्री, वय झालं तुमचं. काल तुमचाच हात..."

खर्र... खर्र... खर्र...



बॅटरी बाकावर. गाडीला करंट नाही. आणि स्टार्टर फिरत होता.

नाही. फिरतही नव्हता. मी वाकून इंजिनाकडे पाहिलं. पट्टा हलत नव्हता. पुली हलत नव्हती. लोखंड जागच्या जागी गार होतं...

फक्त आवाज होता.

खर्र... खर्र... मग जरा थांबून पुन्हा. मग हळू. आणखी हळू. जसं शेजारणीनं सांगितलं होतं अगदी तसं... एखादं माणूस दमत जावं तसं.

मग नुसतं टक.

टक...

आणि काही नाही.

डेंटिंगवाला केव्हा पळाला ते मला कळलं नाही. मी मात्र तिथेच उभा होतो. घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. पण हाताला सवय असते, कानाला त्याहून जास्त असते. माझ्या कानाला काहीतरी खटकत होतं.

स्टार्टर ऐकू आला होता.

पंप ऐकू आला नव्हता.

प्रत्येक वेळी स्टार्टरच्या आधी ती जरा थांबत होती. मी शिकवलं होतं तशीच. कान मागे लावून. आणि मागे... गूं नव्हतंच.

त्या दिवशी स्टार्टरला करंट मिळत होता आणि पंपाला नाही. म्हणजे बॅटरी नाही, टर्मिनल नाही. म्हणजे फक्त पंपाची वायर. मधेच कुठेतरी तुटलेली.

मी दार उघडलं आणि थबकलो.

ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकलेली होती. स्टिअरिंगला चिकटेल इतकी. मेव्हणा उंच, त्याची सीट कायम मागे. एवढं पुढे घेऊन एकच माणूस बसायचं.

"ठके," मी म्हणालो, "थांब. बघतो."

मागची सीट उचलली. खालचं कार्पेट फाडलं. पंपाच्या वायरीवरून बोट फिरवत गेलो. काळी टेप लागली. टेप माझी नव्हती. टेपखाली वायर कापलेली, आणि दोन्ही टोकं सीटच्या कडेखाली लपवलेल्या एका बटणाला जोडलेली.

चोर स्विच.

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक असं लपवलेलं बटण बसवून घेतात. ते बंद केलं की पंप मुका. ज्याला जागा ठाऊक त्यालाच गाडी चालू करता येते. काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं होतं, माझ्या नकळत. ठकीच्याही नकळत. तिला ठाऊक असतं तर तिनं मागे हात घालून ते चालू केलं असतं.

आता बटण चालू होतं. मी पहिल्यांदा गाडी तपासली तेव्हाही चालूच असणार. कुणीतरी येऊन ते गुपचूप चालू करून ठेवलं होतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. राग गिळूनच पोट भरलं होतं.

सकाळी मेव्हण्याला बोलावलं. बटण कापून काढलं होतं, वायर सरळ जोडून टाकली होती. बटण त्याच्या हातावर ठेवलं.



"दादा, चोरांचा काय भरवसा..."

"त्या दिवशी बंद कुणी केलं होतं?"

"भांडण झालं होतं. रागात केलं. घर सोडून जाते म्हणाली. म्हटलं, गाडी नसली की जाणार कशी? मी जरा बाहेर चक्कर मारून येणार होतो फक्त."

"कुठे जाते म्हणाली होती?"

तो बटण बोटांत फिरवायला लागला.

"अरे, कुठे जाणार होती ती?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

"तुमच्याकडेच," तो म्हणाला.

माझा हात उठला होता. का थांबला ते मला अजून कळलेलं नाही. मी किल्ली त्याच्या अंगावर फेकली.

"घे. बिघाड काढलाय. ने तुझी गाडी."

तो आत बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट मागे ढकलायला लागला. खटका ओढला, रेटा दिला... सीट तसूभर हलेना. तसाच अवघडून बसून त्यानं किल्ली फिरवली.

खर्र... खर्र... खर्र...

पंप मुका.

"दादा, हिचं काहीतरी राहिलंय अजून!"

"उतर," मी म्हणालो.

मी बसलो. किल्ली अर्धी फिरवली. कान मागे लावला.

गूं.

पहिल्या फटक्यात चालू.

त्यानं पुन्हा एकदा बसून पाहिलं. पुन्हा तेच. मग तो उतरला आणि रस्त्याला लागला, पायीच. आमच्यात त्यानंतर बोलणं नाही. ज्या ज्या घरात माझं नाव खराब झालं होतं, तिथे मी स्वतः जाऊन ते बटण दाखवून आलो. लोक माना हलवतात. "जाऊ द्या, आता बोलून काय उपयोग?" म्हणतात. माझ्या वेळी का नाही सुचलं हे शहाणपण?

गाडी आता भाची चालवते. ठकीची मुलगी. रोज कामावर जाते. आजवर एकदाही बंद पडली नाही. फक्त बापाला कुठे सोडायचं म्हटलं, तो नुसता शेजारी येऊन बसला, की पंप मुका. मी वायर तीनदा तपासली. वायरीत काही नाही.

परवा भाची आली होती. चहाला हात न लावताच म्हणाली,

"मामा, बाबांची तब्येत हल्ली बरी नसते. घरात आम्ही दोघंच. उद्या त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मी त्यांना गाडीत घातलं... तर चालू होईल ना ती?"

मी तिला म्हणालो, "रुग्णवाहिका बोलव. नंबर पाठ करून ठेव."

"मी ते नाही विचारलं, मामा."

मला ठाऊक आहे तिनं काय विचारलं ते. उत्तर माझ्याजवळ नाही. आणि असतं तरी ते मी त्या पोरीला दिलं असतं की नाही, हेही मला सांगता येत नाही. एवढा राग आहे माझ्यात अजून.

जाताना ती गाडीत बसली. मी दारात उभा होतो. तिनं किल्ली अर्धी फिरवली आणि थांबली. आईसारखीच.

मी कान लावला.

जरा उशीरच झाला त्या दिवशी... पण आला आवाज.