मावशीचा दुसरा मुलगा

पहाटेच्या धुक्यात नदीवरचा बर्फ करकरत होता.

बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्याच्या वासाने नव्या माणसाला ओकारी येते, जुन्याला घर आठवते.

गढीत बारूद भरपूर होती. पीठ संपले होते.

पैलतीरावर एक म्हातारी कित्येक दिवस रडत होती. आज ती गप्प होती.

नोदिन तटावरच्या फटीशी उभी राहून बघत होती. तिचा नवरा एतिएन गॉदेन हा फ्रेंच कातडेव्यापारी. या तीरावर त्याने घर बांधले, बटाटे लावले. शरदात कातड्यांच्या व्यापारी कंपनीचा कप्तान हार्लो शिपाई घेऊन आला, त्याच घराभोवती त्याने लाकडी तट उभारला, आणि नदीचा सारा व्यापार आपल्या मुठीत यावा म्हणून निमित्त शोधता शोधता एके दिवशी, कातडी विकायला आलेल्या नोदिनच्या मावसभावाला त्याने दारातच गोळी घातली. पैलतीरावरची ती म्हातारी म्हणजे त्याची आई, नोदिनची मावशी. आता मावशीच्या ओजिब्वे जमातीतल्या भाऊबंदांचा गढीला वेढा पडला होता.

"त्यांच्यात मेलेल्याची जागा भरली की वैर संपते, कप्तानसाहेब," गॉदेन म्हणाला. "मुलगा गेला, तर मुलगा द्यायचा. मी जातो."

"बायको त्यांचीच केलीत, आता आईही त्यांचीच," हार्लो हसला. "जा. बर्फावर घसरू नका."

"परत येशील?" नोदिनने विचारले.

"आता तिच्याच घरी राहायचे. तूही ये मागून. तुझ्यापेक्षा बरे रांधते ती."

गॉदेन निःशस्त्र गेला. मावशीने त्याचा निळा कोट उतरवला, मुलाचा हरणाच्या कातड्याचा अंगरखा त्याला चढवला, आणि त्याच्या गालावर हात ठेवला. पैलतीरावरच्या रोखलेल्या बंदुका खाली उतरल्या.

"नेम धर," तटावर हार्लो शिपायाला म्हणाला.

"तो गॉदेन आहे, साहेब."

"गॉदेन निळ्या कोटात गेला. हा वेढ्यातला माणूस."

शिपाई हलला नाही. हार्लोने त्याच्या हातची बंदूक घेतली आणि चाप ओढला.

मावशीच्या तळव्याखालून तो गाल निसटला.

नोदिन तट उतरली. दोन्ही हातांनी अडसर उचलून तिने दार सताड उघडले.

दुपारपर्यंत गढी जळाली, हार्लोसकट. वसंतात कंपनीची मोठी पलटण आली. मावशीचे गाव उरले नाही.

हार्लो पहिल्यांदा या तीरावर उतरला तेव्हा त्याला ताप होता, आणि गॉदेनने त्याला आपल्या अंथरुणावर निजवले होते.