माडाखालचं गाणं

अळूच्या खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभं राहून रितेतीने ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. खारट. पणज्याने प्रवाळाचा खडक फोडून खणलेला खड्डा गेल्या उधाणाने नासवला होता. आसपास चिटपाखरू नाही असं बघून तिने तोंड सोडलं. समुद्राला शिव्या दिल्या. आमच्या पाण्यातला कुपा मासा डब्यांत भरून नेणाऱ्या परक्या बोटींना दिल्या. आम्ही कसे बुडतो त्याचे फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना तर ठेवणीतल्या दिल्या. मग रडली.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर माडीचा थेंब पडला.

माडावर चढलेला गडी मोठ्याने गातो, ही आमच्या किरिबाती बेटांची रीत. खाली बायका न्हात असतात, भांडत असतात. वर डोळे आहेत हे त्यांना कळायला हवं. मुक्याने चढणाऱ्याला गावच्या चावडीत सगळ्यांदेखत जाब द्यावा लागतो. आणि हा बाउरो, पलीकडच्या वाडीत म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा, हातात सुरी घेऊन माडी गळणाऱ्या पोयीशी गप्प बसला होता.

“गायला काय धाड भरली होती तुला?”

“गायलो असतो तर तू थांबली असतीस,” तो ओशाळून म्हणाला. “आणि इतक्या झकास शिव्या… जन्मात ऐकल्या नव्हत्या गं.”

चावडीत खेचते, असं तिने बजावलं. खेचलं मात्र नाही. दुसऱ्या दिवसापासून तो त्याच माडावरून असा बेंबीच्या देठापासून गाऊ लागला, की वाटेवरच्या बायका तोंडाला हात लावून हसायच्या. रितेती वर न बघता चिखल उपसायची. खड्ड्यातून बाहेर निघाली की काठावर गोड्या माडीची करवंटी ठेवलेली असायची. सूर चुकला, असं ती पिता पिता म्हणायची. तुझ्या जिभेपेक्षा खड्ड्यात मीठ कमी आहे, असं तो म्हणायचा, आणि करवंटी परत घेताना बोटं जरा रेंगाळायची…

मग न्यूझीलंडच्या सोडतीत बाबांचं नाव निघालं. मूठभर घरांना तिकडे राहायची परवानगी, बाकीच्यांना ठेंगा. आमच्यावरची दया अशी चिठ्ठ्या टाकून वाटतात. खड्डा मेला, तू कशाला मरतेस त्याच्याबरोबर, असं बाबा म्हणाले. खोटं नव्हतं ते.

रितेतीने बाउरोला सांगितलं. ‘राहा’ असं त्याने म्हणावं म्हणून वाट बघितली. तो सुरीच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला.

“आई इथून हलायची नाही,” एवढंच म्हणाला.

बोटीच्या दिवशी पहाटे साऱ्या माडांवरून गाणी उठली. एका माडावरून नाही. ती धावत गेली. बुंध्याशी त्याच्या चपला होत्या.

“बाउरो, गात का नाहीस?”

झावळ्यांतून त्याचा आवाज आला.

“गायलो तर… तुझा पाय निघणार नाही. आणि काय आहे माझ्याकडे तुला द्यायला? मीठ?”

“आम्ही बुडायचं हे जगाने ठरवलं. मी जायचं हे बाबांनी ठरवलं. आता तूही वर बसून मुक्याने ठरवणार? मला कुणी विचारणार आहे की नाही?”

किनाऱ्यावरून बाबांची हाक आली, आणि ती गेली.

मी राहते, असं तिने बाबांना सांगितलं. ते आधी कडाडले. मग तिचं डोकं छातीशी धरून उभे राहिले, भोंगा वाजेपर्यंत. बोट सुटली.

रितेती परतली तेव्हा बाउरो अजून वरच होता, माडाला मिठी मारून, लहान होत जाणाऱ्या बोटीकडे बघत. रडत होता गाढव.

खालच्या माणसाने गायची आमच्यात रीत नाही. रितेती खाऱ्या चिखलात उतरली आणि गाऊ लागली – बेसूर, मोठ्याने, मान वर करून. खाली कोण आहे, हे वरच्यालाही कळायला हवं.