कुलूप बाहेरून होतं

पटत नसेल तर इथेच थांबा, पण गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीची, म्हणजे आमच्या ताईची. आणि रात्रीची नाही, भर दुपारची. भुतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं, देव जाणे!

ताई भिंतींवर चित्रं काढते. ओल्या चुन्यावर रंग लावायचा, चुना सुकला की रंग आत मुरतो. मग काही बदलायचं तर तेवढा तुकडा छिन्नीने फोडूनच काढावा लागतो.

बंद पडलेल्या सूतगिरणीचं संग्रहालय होणार होतं. तिथल्या भिंतीवर गिरणीचा इतिहास रंगवायचं काम ताईला मिळालं.

याच गिरणीच्या आगीत तिची आई, म्हणजे माझी मावशी गेली. तिच्या खात्यातल्या सगळ्याच बायका गेल्या.

ताई तेव्हा शाळकरी पोर. आईचा डबा घेऊन गेली होती. दाराला बाहेरून कुलूप होतं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं. आणि आतून आवाज येत होता...

टक टक... टक.

यंत्रांच्या गोंगाटात हाक ऐकू यायची नाही. म्हणून त्या बायका सुताची लाकडी कांडी ठोकून एकमेकींना बोलवायच्या. ही आईची खूण. घरचं दारसुद्धा ती तसंच वाजवायची.

"पोरीला काय कळतंय!" म्हणत लोकांनी ताईला गप्प केलं.

आता संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "दार उघडं दाखवा. चौकशीत तसंच ठरलंय. बायकाच घाबरून आत पळाल्या."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने राग गिळला. निदान त्यांचे चेहरे तरी भिंतीवर येतील, असं वाटलं तिला. तिने दार उघडं रंगवलं. त्यातून बाहेर येणाऱ्या बायका रंगवल्या. सगळ्यात पुढे आई.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंडी मिस्त्री चुना कालवत होते. ताई ब्रश धूत होती. बाकी दालन रिकामं.

टक टक... टक.

"ताई, भिंतीपलीकडे कोण आहे?"

"कोणी नाही हो. मोकळं मैदान आहे."

मिस्त्री वळले... आणि हातातली थापी खाली पडली.

चित्रातलं दार बंद होतं.

आई नव्हती. एकही बाई नव्हती.

ताईने भिंतीवरून बोट फिरवलं. वरून कोणी रंग फासला नव्हता. चुना कालचाच, रंग आत मुरलेला.

"चला ताई, हे काम आपलं नव्हे," मिस्त्री पुटपुटले.

ताई ढसाढसा रडली. मग बाहीने डोळे पुसून म्हणाली, "आईनेच लावून घेतलंय दार. खोट्या दारातून तिला बाहेर यायचं नाही. मिस्त्री, कडीजवळचा तुकडा फोडा. ओला चुना द्या."

आणि तिने कुलूप रंगवलं. बाहेरून लावलेलं. लहानपणी पाहिलं होतं अगदी तसं.

साहेब भडकले. "पांढरं करा हे सगळं!"

"करा की! भिंत तुमची, चुना तुमचा," ताई म्हणाली.

चुना मारला. सकाळी कुलूप पुन्हा वर आलेलं.

पुन्हा मारला. पुन्हा तेच.

शेवटी साहेब स्वतः आले. भिंतीवर हात ठेवला...

टक टक... टक.

त्यांच्या तळहाताखाली. त्यानंतर चुन्याचं नाव कोणी काढलं नाही.

उद्घाटनाला साहेब आजारी पडले म्हणे! ताई सगळ्यांसमोर उभी राहिली. "दार बंद होतं. मी पाहिलंय."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. "माझी बहीण आत होती. कुलूप मीही पाहिलं होतं गं. बोलायची छाती झाली नाही." मग आणखी एक बोलली. मग कितीतरी.

मला वाटलं, आता तरी मावशी सुटली असेल.

गेल्या महिन्यात मी तिथे गेले. दालनात ताई आणि मी, दोघीच. सहज त्या कुलपावर बोट टेकवलं...

चटका बसला.

"ताई, हे तापलंय!"

"माहितीये," ती शांतपणे म्हणाली. "तापू दे. थंड पडलं, की लोक पुन्हा म्हणतील दार उघडं होतं."

बोटावरचा फोड अजून गेलेला नाही. आणि काल दुपारी, मी घरी एकटी असताना, आमचं दार वाजलं. दोनदा... मग एकदा.

मी उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.